खादी, लिनन की घोंगडं? बेळगावच्या घरासाठी कापड निवडताना

घर सौम्य रंगात सजवायचं म्हटलं की खडेबाजारातला दुकानदार आधी पांढरंशुभ्र कापड उलगडतो. तिथंच सावध व्हा. शहराच्या पश्चिमेला आणि खानापूरकडं माती तांबडी. पावसाळ्यात ती चपलांना चिकटून घरात येते, उन्हाळ्यात धूळ होऊन पडद्यांच्या चुण्यांत बसते. निपाणी, चिकोडी, अथणीकडं काळ्या रानाची धूळ. तांबड्या मातीच्या गावात बदामी किंवा बिस्किटी रंग वर्षभर नीट दिसतो, काळ्या मातीकडं राखाडी. पांढरा दोन्हीकडं महिन्याभरात मळकट.

आता कापड. पडद्यांसाठी खरी चुरस खादी आणि लिननची. हातमागाचं प्रत्येक कापड म्हणजे खादी नव्हे, हे आधी बघा. खादीत सूतही हातानं काढलेलं असावं लागतं. आपल्याकडं खादी म्हटलं की बेळगावजवळचं हुदली गाव आठवतं. 1937 साली गांधीजी तिथं येऊन राहिले होते. हातसुताचा धागा कुठं जाड, कुठं बारीक, त्यामुळं कोरं, न रंगवलेलं कापडही सपाट दिसत नाही. खिडकीतून ऊन आलं की ते फारच देखणं दिसतं. दोष एकच, पहिल्या धुण्यात आटतं. म्हणून थोडं जास्तच घ्या, रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, वाळवा आणि मगच शिंप्याकडं द्या. आधी शिवून मग धुतलेले माझे पडदे आजही जमिनीपासून चार बोटं वर लोंबतात.

लिनन हे जवसाच्या झाडाचं कापड. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तेच जवस, फक्त धाग्यासाठीचे वाण उंच आणि कमी फांद्यांचे; हा धागा बहुतेक युरोपातून येतो. किंमत खादीपेक्षा बरीच चढी आणि चुरगळणं तर त्याच्या रक्तातच. पण जाड सुती कापडाआधी वाळतं, आणि जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा या एका गुणापुढं बाकी सगळं माफ. ओलं असताना लिनन अधिक मजबूत होतं, त्यामुळं वारंवार धुण्याला भीत नाही. इस्त्री किंचित ओलसर असतानाच करावी, कडक वाळल्यावर सुरकुत्या हटत नाहीत. माझं मत विचाराल तर पडदे खादीचे करा, आणि पैसे उरले तर लिनन चादरी-अभ्र्यांवर घाला, म्हणजे जे सारखं धुवायचं त्यावर.

‘लिनन’ अशी चिठ्ठी लावून पॉलिस्टरची भेसळही खपते. कडेचे दोन-चार धागे काढून जाळून बघा. सुती आणि लिनन कागदासारखा वास देऊन मऊ राख होतात, लोकरीला केस जळल्यासारखी घाण येते, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतं.

सोफ्यावर टाकायला मात्र मी घोंगड्याच्याच बाजूचा. दख्खनी मेंढीची काळी, भुरी, करडी लोकर रंगवावीच लागत नाही. आजकाल ज्याला न्यूट्रल शेड म्हणतात ती धनगराच्या खांद्यावर कायमच होती. नवं घोंगडं टोचतं, कारण लोकर जाड आणि वर चिंचोक्याची खळ. खळ धुण्यात उतरली की ते नरम पडतं. धुवायचं गार पाण्यात, पिळायचं नाही. गरम पाण्यात चोळलं तर लोकर आवळून नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला जाड थर होतो. एरवी नुसतं झटकून उन्हात टाकलं तरी भागतं. कसर लोकर खाते, म्हणून पावसाआधी चांगलं ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून बांधून ठेवावं.

तागाची चटई फोटोत छान दिसते. इथल्या पावसात ती ओल धरते, कुबट वास मारते आणि भिजली की फरशीवर पिवळट डाग सोडते. वरच्या मजल्यावर, कोरड्या खोलीत चालेल.

कोऱ्या रंगाच्या कापडाला ‘जादा सफेदी’वाली पावडर लावू नका, नीळही नको. त्या पावडरीतली चमकद्रव्यं धाग्यावर बसून बदामी कापड हळूहळू निळसर पांढरं करतात, आणि मग एक पडदा खिडकीला वेगळाच दिसतो. सुती कापड खळ काढल्याशिवाय कपाटात ठेवू नका, कसरीला नाही तरी झुरळांना ते आवडतं.

आणि हळद. आमटीचा थेंब चादरीवर पडला, साबण लावला आणि डाग लालभडक झाला तर घाबरू नका, क्षारामुळं हळद लाल होतेच. साबण पूर्ण खळबळून काढा आणि कापड उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही, दोन-तीन दिवसांत उडतो. डाग जुलैत पडला असेल तर गणपतीनंतरच्या उन्हाची वाट बघायची.