बोहेमियन रॅप्सडी: फ्रेडी एवढा मोठा आणि पिक्चर एवढा लहान

क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याच्यावरचा 2018 चा पिक्चर आहे, मी मात्र आत्ता बघितला, कॉलेज रोडला मित्राकडे, मोठ्या स्क्रीनवर, चांगले स्पीकर लावून. चार ऑस्कर, जगभरात 90 कोटी डॉलरच्या वर कमाई, त्यामुळे अपेक्षा खूप होती. आणि खरं सांगतो, खूप वाईट वाटलं. फ्रेडी झालेल्या रामी मलेकबद्दल तक्रार नाही, माणसाने जीव ओतलाय, चाल, मान झटकणं, माइकचा तो अर्धा स्टँड फिरवणं सगळं पक्कं. पण त्याच्या हातात जी गोष्ट दिलीये ती फ्रेडी मर्क्युरीची नाहीच, ती कुठल्याही गायकाला चिकटवता येईल अशी तयार गोष्ट आहे. गरीब बिचारा टॅलेंटेड पोरगा, मग प्रसिद्धी, मग डोक्यात हवा, वाईट संगत, मित्रांना सोडणं, मग पश्चात्ताप, माफी आणि शेवटी मोठा शो.

आता खरं काय झालं ते बघा. पिक्चरमध्ये फ्रेडी सोलो अल्बमसाठी बँड सोडतो आणि बाकीचे एकदम दुखावतात. अरे पण ड्रमर रॉजर टेलरचा सोलो अल्बम 1981 लाच आला होता, गिटारिस्ट ब्रायन मेचा 1983 मध्ये, आणि फ्रेडीचा 1985 मध्ये! म्हणजे सगळ्यात उशिरा त्याने केलं आणि गद्दार तोच ठरवला. आणि पिक्चर म्हणे लाइव्ह एडच्या (दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी 1985 मध्ये झालेला मोठा शो) आधी कितीतरी वर्षं हे एकत्र वाजवलेच नव्हते. खरं तर 1984 ला नवीन अल्बम काढून टूर केली होती, जानेवारी 85 मध्ये रिओला प्रचंड गर्दीपुढे वाजवलं, मे महिन्यात जपान, आणि जुलैत लाइव्ह एड. हात चांगलाच गरम होता म्हणूनच तर लाइव्ह एडला, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर, जेमतेम वीस मिनिटांत त्यांनी सगळ्यांना मागे टाकलं!

पण हे एक वेळ सोडून देऊ. जे मला अजिबात पटलं नाही ते आजारपणाचं. पिक्चरमध्ये लाइव्ह एडच्या आधी प्रॅक्टिसला तो मित्रांना सांगतो की मला एड्स आहे. आत्तापर्यंत जे बाहेर आलंय त्यावरून त्याला ते कळलं 1987 च्या सुमारास, म्हणजे त्या शोनंतर. का पुढेमागे केलं? तर शेवटच्या शोला डोळ्यात पाणी यावं म्हणून. आणि त्याच्या आधी त्याच्या पार्ट्या, त्याचं पुरुषांवर प्रेम असणं हे सगळं असं काही दाखवलंय की आजार म्हणजे त्याची शिक्षाच वाटावी. गेलेल्या माणसाच्या आजाराची तारीख अशी सोयीने सरकवायची नसते हो. उलट आजार कळल्यावर त्याने जे केलं तेच तर जबरदस्त आहे, मॉन्सेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबर अख्खा अल्बम केला, अंगात ताकद उरली नव्हती तरी 1991 पर्यंत स्टुडिओत उभा राहून गात होता. यातलं पिक्चरमध्ये काहीच नाही, 1985 ला संपला विषय.

मी ढोल पथकात वाजवतो, त्यामुळे वी विल रॉक यूच्या सीनची वाटच बघत होतो. दोन पाय एक टाळी, धम धम टाक, नाशिकच्या पोराला हा ठेका शिकवावा लागत नाही. या गाण्यात ड्रम नाहीच. 1977 मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत लाकडावर पाय आपटून रेकॉर्ड केलंय आणि ब्रायन मे फिजिक्सवाला माणूस, त्याने तेच आवाज थोडे थोडे उशिरा परत वाजवून, ते उशीरसुद्धा मूळ संख्यांच्या हिशोबाने ठेवून, चार-पाच जणांचे पाय हजारो लोकांचे वाटतील असं केलं. हे नुसतं नीट दाखवलं असतं तरी आमच्या पथकातली सगळी पोरं खुर्चीवरून उठली असती! पिक्चरमध्ये काय, तर फ्रेडी उशिरा येतो, थोडं भांडण, पाय आपटले, झालं गाणं. वर साल दाखवलंय 1980, मिशीसकट.

आणि पाचगणी! आपल्या महाराष्ट्रात, सेंट पीटर्स शाळेत हा फारूख बुलसारा आठव्या वर्षापासून राहिला, इथेच त्याला पोरं फ्रेडी म्हणायला लागली, इथेच त्याने द हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवला. झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा घरापासून हजारो मैल लांब सह्याद्रीत वाढतोय, यापेक्षा भारी सुरुवात कुठल्या पिक्चरला मिळणार? यांनी फार तर ओझरता उल्लेख केलाय आणि सुरुवातीची लाइव्ह एडची झलक सोडली तर त्याची गोष्ट थेट लंडनच्या एअरपोर्टवर बॅगा उचलण्यापासून.

एडिटिंगला ऑस्कर मिळालं हे मला झेपलंच नाही, मॅनेजरबरोबरच्या पहिल्या मीटिंगचा सीन बघा, कोणी एक वाक्य पूर्ण बोलायच्या आत तीनदा कॅमेरा बदलतो, डोळे दुखतात.

शेवटचा लाइव्ह एडचा भाग मात्र मनापासून आवडला, पियानोवरचे पेप्सीचे ग्लाससुद्धा जागच्या जागी ठेवलेत. पण तो ओरिजिनल यूट्यूबवर फुकट आहे, आणि ओरिजिनलच जास्त अंगावर येतो. माझ्याकडून 5 पैकी 2, तेही मलेक आणि गाण्यांसाठी. वेळ असेल तर बीबीसीची 2011 ची डेज ऑफ अवर लाइव्ज ही क्वीनवरची डॉक्युमेंटरी शोधून बघा, त्यात ब्रायन आणि रॉजर स्वतः बोलतात.