जुने इअरफोन कन्सोलला कुठे खोचायचे?

गणपतीला मुंबईहून आलेला आतेभाऊ त्याचा जुना पीएस४, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा प्लेस्टेशन ४ कन्सोल, आमच्याकडेच ठेवून गेला. पत्र्यावर सर कोसळली की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, आणि वाढवला की माजघरातून आजी, "आवाज बारीक कर रे मेल्या!" गेमिंग हेडसेटला पैसे नव्हते. खणात फोनचे वायरवाले इअरफोन मात्र पडून होते.

आधी हातातला कंट्रोलर उलटा करून बघा. पीएस४, पीएस५च्या कंट्रोलरला खालच्या कडेला ३.५ मिमीचं भोक असतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलच्या २०१५पूर्वीच्या कंट्रोलरला ते नाही, वेगळा अडॅप्टर लागतो. सेकंडहँड घेताना एवढं तपासाच. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलला ते कन्सोलवरच आहे. खर्च शून्य. मात्र माईकवाले इअरफोन लावले की पीएस४ सुरुवातीला त्यात नुसतं मित्रांचं बोलणं सोडतो, गेमचा आवाज टीव्हीतच राहतो. सेटिंग्जमध्ये डिव्हायसेस, मग ऑडिओ डिव्हायसेस, आणि तिथे 'आउटपुट टू हेडफोन्स'ला 'ऑल ऑडिओ' करायचं. हे ठाऊक नसल्याने मी दोन दिवस इअरफोनलाच शिव्या घातल्या. कंट्रोलरची बॅटरी थोडी लवकर उतरते, हा एक तोटा.

टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर तेही फुकटच, आणि कन्सोल कुठलाही असला तरी चालतं, अगदी पीएस३सुद्धा. पण माईक चालत नाही, आणि वायर पुरत नाही म्हणून टीव्हीला नाक लावून बसावं लागतं. एक्स्टेन्शन वायर शंभर-दीडशेत मिळते. एकट्याने खेळणाऱ्याला एवढं पुरे. बऱ्याच नव्या टीव्हींना मात्र हे भोकच नसतं.

ब्लूटूथच्या मोहात पडू नका. पीएस४, पीएस५ आणि एक्सबॉक्स साधे ब्लूटूथ हेडफोन थेट जोडूनच घेत नाहीत. स्विच २०२१पासून घेतो, पण माईकशिवाय. टीव्हीला ब्लूटूथ ट्रान्समीटर, म्हणजे आवाज बिनवायरीने हेडफोनला पाठवणारी डबी, लावून जमवता येतं, मात्र स्वस्तातल्या ट्रान्समीटरवर आवाज मागे पडतो. क्रिकेटच्या गेममध्ये फटका मारून झाल्यावर मागाहून बॅटचा 'टक्' ऐकू येतो. सिनेमा बघताना आवाज थोडा आधी-मागे करायची सोय काही टीव्हींत असते, पण गेममध्ये बटण दाबणारे आपणच, तिथे ती कामाची नाही.

राहिलं यूएसबी साउंड कार्ड. कन्सोलच्या यूएसबीत खोचायचं, इअरफोनचं भोक असलेलं, पेनड्राइव्हएवढं, दोन-तीनशे रुपयांचं. पीएस४, पीएस५ला सहसा चालतं, माईकसकट, एक्सबॉक्सला नाही. कंट्रोलरचं भोक धड असेल तर हे घेण्यात अर्थ नाही. मला घ्यावं लागलं, कारण आमचं घर समुद्रापासून हाकेवर. खाऱ्या हवेने पिन काळवंडली, भोक खरखरायला लागलं, पिन फिरवली की एकाच कानात आवाज. आता कार्ड, इअरफोन, कंट्रोलर, सगळं रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात जातं, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. डबा पोह्याच्या पापडांचा होता. आई अजून शोधतेय.