व्हिसलर बाइक पार्क : पहिल्या दिवसासाठी उत्तम, पण आधी ब्रेक तपासा

व्हँकुव्हरहून हायवे 99 धरला की 120 किलोमीटरवर, दोनेक तासांत व्हिसलर येतं. हिवाळ्यात ज्या लिफ्ट स्कीइंगवाल्यांना वर नेतात, त्यांतल्याच काही साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सायकली वर नेतात. पॅडल मारत चढायचं नाही, फक्त उतरायचं. कॅनडातल्या नातेवाइकांकडे उन्हाळ्यात जाणार असाल आणि डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरचं सायकलिंग, शिकायची इच्छा असेल, तर एक दिवस इथे नक्की द्या.

स्वतःची साधी माउंटन बाइक नेऊ नका. 100-120 मिलिमीटर सस्पेन्शनची सायकल इथल्या दगडमुळांवर हातापायांना झोडपून काढते आणि तिचे ब्रेकही लवकर तापतात. पायथ्याच्या व्हिलेजमध्ये पुढे-मागे 180 ते 200 मिलिमीटर सस्पेन्शनच्या डाउनहिल सायकली, फुल-फेस (हनुवटीही झाकणारी) हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांचे पॅड भाड्याने मिळतात. हेल्मेट घालून मान जोरात हलवा. ते डोक्यावर फिरत असेल तर एक साइज लहान मागा. पूर्ण बोटांचे हातमोजे स्वतःचे न्या. बूट सपाट, कडक तळव्याचे हवेत. धावायच्या बुटांचा तळवा पॅडलवर वाकतो आणि पाय घसरतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कॅनडात पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आपल्याकडे स्कूटर चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला मागच्या ब्रेकची सवय असते. घाबरल्यावर बोटं सवयीनेच चालतात: डावा ब्रेक कचकन दाबला जातो, पुढचं चाक जाम होतं आणि माणूस हॅण्डलवरून पुढे फेकला जातो. म्हणून लिफ्टच्या रांगेत लागण्याआधी सपाट जागेवर दहा मिनिटं फक्त ब्रेक मारून बघा. आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही. दुकानात विनंती केली तर लिव्हर बोटांच्या जवळ आणून देतात. तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरच्या टोकावर सहज टेकलं पाहिजे. ब्रेक एकाच बोटाने मारायचा, बाकीची बोटं हॅण्डलवर.

दुकानात तुमचं वजन विचारतील, बहुधा पाउंडांत (65 किलो म्हणजे 143 पाउंड). ते खरं सांगा, कारण सस्पेन्शन त्यावरच लावतात. तरी स्वतः तपासा. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या (दुहेरी दांड्याच्या) नळीवर रबराची छोटी रिंग असेल, तर ती खाली सीलपर्यंत सरकवा, कोणाला तरी सायकल धरायला सांगून पॅडलवर उभे राहा आणि अलगद उतरा. 200 मिलिमीटरच्या फोर्कमध्ये रिंग सुमारे 40 मिलिमीटर वर सरकलेली दिसली पाहिजे. त्याहून बरीच कमी सरकली तर फोर्क कडक आहे, हात सुन्न होतील. टायरमध्ये 65-70 किलोच्या माणसाला पुढे 22-24 आणि मागे 25-27 पीएसआय हवा पुरते. सीट पूर्ण खाली, कारण उतारावर बसायचंच नसतं.

वाटांना रंग आहेत: हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा डायमंड कठीण. फिट्झसिमन्स लिफ्टने वर जाऊन ‘ईझी डज इट’ या हिरव्या वाटेवर किमान तीन फेऱ्या करा. पहिली सावकाश, नुसती वाट बघण्यासाठी. दोन्ही पॅडल एका पातळीत, टाचा खाली दाबलेल्या, कोपरं बाहेर, नजर पुढच्या वळणाच्या शेवटाकडे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मातीचा उंच बांध असतो, त्याला बर्म म्हणतात. वेग बर्मच्या आधी कमी करायचा, आत शिरल्यावर ब्रेक सोडायचा. वळणात ब्रेक धरून ठेवला की चाक पकड सोडतं, सायकल सरळ उभी राहू पाहते आणि बांधावरून बाहेर जाते.

दुसरी हमखास चूक म्हणजे पूर्ण उतारभर ब्रेक हलकासा दाबून ठेवणं. त्याने ब्रेकचे पॅड तापून गुळगुळीत होतात, ब्रेक कमी लागतो आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतात. थोडा वेळ जोरात मारा, मग पूर्ण सोडा. हिरवी वाट ब्रेक न घसटता उतरता आली, की निळ्या ‘बी-लाइन’वर जा. ‘क्रँक इट अप’ या निळ्या वाटेवर उडी मारायचे सपाट माथ्याचे उंचवटे आहेत. त्यांवरून चाकं जमिनीवर ठेवूनही जाता येतं, पण ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. ‘ए-लाइन’ जगभर नावाजलेली आहे, तरी तिचा काळा डायमंड गंभीरपणे घ्या.

नवख्यांसाठी शिकवणीसह पॅकेज मिळतं आणि पैसे खर्चायचेच असतील तर तिथेच खर्चा. सायकल लिफ्टवर कशी चढवायची इथपासून ते शिकवतात. उणीव सांगायची तर शनिवार-रविवारची रांग. शिवाय कोरड्या आठवड्यांत वळणांआधी सगळ्यांच्या ब्रेकने जमिनीला लाटा पडतात आणि नवख्याचे हात तिथेच थकतात. मधल्या वारी सकाळी जा.

निघण्याआधी प्रवास विम्याची कागदपत्रं वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, आणि कॅनडात बाहेरच्या माणसाला साध्या फ्रॅक्चरचंही बिल मोठं येतं. डाउनहिल सायकलिंग त्यात बसतं की नाही, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.