नव्या फोनचं प्री-बुकिंग, सांगलीच्या काउंटरवरून

आधी निकाल. घोषणेनंतर दहा ते पंधरा दिवसांत जो फोन मारुती रोड किंवा विश्रामबागच्या दुकानात सीलपॅक मिळतो, त्याचं प्री-बुकिंग करायला हरकत नाही. तीन आठवड्यांच्या पुढे गेलं, तर ऑफर कितीही गोड असली तरी टोकन, म्हणजे बुकिंगची आगाऊ रक्कम, खिशातच बरी. आणि घोषणेच्या दिवशी जी कंपनी किंमतच सांगत नाही, तिच्यासाठी नाव नोंदवण्यात काही राम नाही.

नव्या फोनला चार तारखा असतात आणि जाहिरातीत त्यांची सरमिसळ केलेली असते: घोषणा, बुकिंगची सुरुवात, बुकिंगवाल्यांना डिलिव्हरी आणि खुली विक्री. काउंटरवर विचारायची ती तिसरी. ‘लाँच झालाय की’ हे काही उत्तर नव्हे. आयफोन १६ चं वेळापत्रक बघा: ९ सप्टेंबर २०२४ ला घोषणा, १३ ला संध्याकाळी साडेपाचला बुकिंग सुरू, २० ला विक्री. एकूण अकरा दिवस. सॅमसंगचा एस२४ १७ जानेवारी २०२४ ला दाखवला आणि ३१ जानेवारीला विक्रीला आला, म्हणजे चौदा दिवस. एस२५ ला सोळा दिवस लागले. एवढ्या अवधीत दुकानात डेमो पीस येतो, कुठला रंग आणि किती जीबीचा माल मागवायचा याचा दुकानदाराला अंदाज येतो आणि गिऱ्हाईकही जुना फोन विकायचा की घरात कुणाला द्यायचा हे ठरवून मोकळं होतं.

यात एक मेख आहे. स्वतंत्र परीक्षणं बहुतेक वेळा बुकिंग सुरू झाल्यानंतर येतात. आयफोन १६ ची परीक्षणं १८ सप्टेंबरला आली, म्हणजे बुकिंग उघडल्यावर पाच दिवसांनी आणि विक्रीच्या दोनच दिवस आधी. फोन तापतो का, बॅटरी किती टिकते, हे कळेपर्यंत टोकन भरून झालेलं असतं. म्हणून टोकन भरताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी नाही म्हटलं तर पैसे पूर्ण परत मिळतील का, आणि रोख मिळतील की ‘दुसरं काहीतरी घ्या’ म्हणून मिळतील? सॅमसंगने तर घोषणेच्याही आधी १,९९९ रुपये घेऊन नाव नोंदवण्याची प्रथा पाडली आहे. नाव नाही, किंमत नाही, फोन कसा दिसतो तेही नाही. पैसे परत मिळतात हे खरं, पण तो सौदा त्यांच्या सोयीचा आहे.

आपल्याकडे आणखी एक हिशेब असतो, तो कंपन्यांच्या वेळापत्रकात कुठेच दिसत नाही. २०२४ ला अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. आयफोन १६ ची घोषणा गणपतीत झाली, बुकिंगही गणपतीत, आणि फोन हातात यायचा तो नेमका पितृपक्षात. २०२५ ला पुन्हा विक्री पितृपक्षातच आली. आयफोन १७ ९ सप्टेंबरला दाखवला, विक्री १९ ला, आणि घटस्थापना २२ ला. पितृपक्षात नवी वस्तू घरात न आणणारी घरं सांगली-मिरजेत काही कमी नाहीत. कॅलिफोर्नियात, ॲपलच्या मुख्यालयात, पंचांग बघत नाहीत हे समजू शकतं, पण भारतातल्या विक्री विभागाला दसरा कधी आहे हे माहीत असायला हवं. गिऱ्हाइकाला याचा त्रास असा, की दुकान राखून ठेवलेला पीस दोन-तीन दिवसच थांबवतं, मग यादीतल्या पुढच्या माणसाला देऊन टाकतं. फोन घटस्थापनेला किंवा दसऱ्याला न्यायचा असेल, तर पावतीवर ती तारीख लिहून घ्यावी. आणि बँकेची सूट त्या दिवशीही चालू असेल का, हे त्याच वेळी विचारावं. ती बरेचदा आधीच संपते.

घोषणा फार लवकर झाली तर मार दुकानदाराला बसतो. नवा येणार हे कळल्या क्षणी जुन्याचा खप थांबतो. नोकियाने ११ फेब्रुवारी २०११ ला फोनमधली आपली जुनी सिंबियन प्रणाली सोडून विंडोजकडे जात असल्याचं जाहीर केलं आणि पहिला लुमिया दाखवला तो ऑक्टोबरच्या शेवटी. मधले आठ महिने दुकानांत जो माल होता, त्यावर कंपनीनेच ‘जुना’ असा शिक्का मारला होता. एवढी मोठी चूक आता कुणी करत नाही, पण छोट्या प्रमाणात ती दर वर्षी होते. किंमत उतरली की न विकलेल्या मालावरचा फरक कंपनी डीलरला क्रेडिट नोटने देते. धंद्यात त्याला प्राइस प्रोटेक्शन म्हणतात. ही नोट यायला वेळ लागतो आणि तोवर रक्कम अडकलेली असते. म्हणूनच घोषणेच्या आधीच्या पंधरवड्यात दुकानदार जुनं मॉडेल जरा जास्तच प्रेमाने दाखवतो. तेव्हा घाई करू नये. आयफोन १६ जाहीर झाला तेव्हा आयफोन १५ ची अधिकृत किंमत ७९,६०० वरून ६९,९०० झाली. त्याच्या आदल्या वर्षी १४ चंही तसंच, जवळपास तेवढ्याच रकमेने झालं होतं. ऑगस्टअखेर पूर्ण किमतीला घेणाऱ्याचे जवळपास दहा हजार नुसते घाईपायी गेले.

लवकर घोषणा करणं कधीच योग्य नसतं असं नाही. पहिला आयफोन ९ जानेवारी २००७ ला दाखवला आणि अमेरिकेत २९ जूनला विकायला आला. ॲपलकडे तेव्हा ज्याचा खप थांबेल असा जुना फोनच नव्हता. शिवाय तिथल्या दूरसंचार नियामकाकडे मंजुरीसाठी कागद गेले असते तर गुपित तसंही फुटलं असतं. त्या अवधीचा उपयोगही झाला: पडदा प्लास्टिकऐवजी काचेचा असेल आणि बॅटरी आधी सांगितल्यापेक्षा जास्त चालेल, हे विक्रीच्या अकरा दिवस आधी जाहीर झालं. उलट टोकाला सॅमसंगचा पहिला गॅलक्सी फोल्ड. २० फेब्रुवारी २०१९ ला घोषणा, २६ एप्रिलला विक्री ठरलेली, आणि त्याच्या काही दिवस आधी परीक्षकांना दिलेल्या फोनचे पडदे गेले. काहींनी वरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलली, काहींत बिजागरीच्या फटीतून कचरा आत गेला. विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली. दुरुस्तीत फिल्मच्या कडा चौकटीखाली दडवल्या आणि बिजागरीच्या फटींना टोप्या बसवल्या. ज्यात नवीन प्रकारचा हलता भाग आहे अशा फोनचं प्री-बुकिंग करूच नये. पहिली खेप दुसऱ्यांना वापरू द्यावी.

आता काउंटरवरच्या सेवेबद्दल. इथे दर्जा दुकानागणिक बदलतो आणि बहुतेक भांडणं पावतीवरून होतात. वहीतल्या कागदावर ‘ॲडव्हान्स जमा’ एवढंच लिहून देणारं दुकान टाळावं. पावतीवर मॉडेल, रॅम आणि स्टोरेज, रंग, ठरलेली किंमत, टोकनची रक्कम आणि डिलिव्हरीची तारीख हवी. रंगाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण पहिल्या खेपेत जाहिरातीतला रंग मोठ्या शहरांकडे वळतो आणि आपल्याकडे काळा उरतो. ‘२५६ च्या किमतीत ५१२’ अशी ऑफर असेल, तर बुकिंग कंपनीच्या नोंदीत चढायलाच हवं. नुसत्या दुकानाच्या पावतीवर ती मिळत नाही. आपल्या नंबरवर कंपनीचा मेसेज येईपर्यंत काउंटर सोडू नये.

एक्स्चेंजमध्ये दोन आकडे असतात, जुन्या फोनचा भाव आणि वरचा बोनस. बोनस जाहीर झालेला असतो, भाव मात्र डिलिव्हरीच्या दिवशी पुन्हा तपासला जातो. नवा फोन जाहीर झाल्यामुळे तोही दरम्यान उतरलेला असू शकतो. पडद्यावर रेघ, खाली गेलेली बॅटरी हेल्थ किंवा फोनमधून न काढलेलं गुगल वा ॲपलचं खातं, यांपैकी काहीही निघालं की आकडा खाली येतो. खातं आदल्या रात्रीच काढून टाकावं, कारण गर्दीच्या काउंटरवर पासवर्ड हमखास आठवत नाही. बोनस धरूनही बाहेर थेट विकल्यास जास्त येत असतील, तर एक्स्चेंज सोडून द्यावं.

क्रेडिट कार्डाचे ‘नो-कॉस्ट’ हप्तेही पूर्ण फुकट नसतात. समजा ६०,००० चा फोन बारा महिन्यांत फेडायचा आणि बँकेचा दर १५ टक्के आहे. त्यातलं साधारण ४,६०० व्याज सुरुवातीलाच सूट म्हणून वजा होतं. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८३० च्या आसपास, कार्डाच्या बिलात महिन्यामहिन्याने येतो. वर प्रोसेसिंग फी वेगळी.

खोका दुकानातच फोडावा. *#०६# दाबून येणारे आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्यांशी जुळवावेत. सरकारच्या संचार साथी ॲपवर तो क्रमांक टाकला की मॉडेलचं नावही दिसतं. बिल पक्कंच घ्यावं. वॉरंटीचा वाद झाला तर त्यावरची तारीखच कामाला येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करतानाही तेच मागतात.

कव्हर आणि काचेची गोष्ट राहिली. कंपनीतून आधीच बाहेर फुटलेल्या मापांवरून कव्हरं फोनच्या आधीच तयार होतात आणि घोषणेच्या आठवड्यात हातगाडीवर लागलेलीही दिसतात. मापात अर्धा मिलिमीटरचा फरक पडला तरी कॅमेऱ्याची कड घासते किंवा आवाजाचं बटण दाबलेलंच राहतं, त्यामुळे फोन हातात असल्याशिवाय कव्हर घेऊ नये. कडेला वळलेल्या पडद्यावर यूव्ही गमची, म्हणजे अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या गमची, काच बसवतात. ती बसवताना फोन उभा धरला किंवा गम जास्त झाला तर तो वरच्या स्पीकरच्या जाळीत शिरतो, आणि आवाज गेला की सर्व्हिस सेंटर तो वॉरंटीत धरत नाही. पहिले दोन-तीन आठवडे कंपनीच्या फिल्मवर आणि साध्या पारदर्शक टीपीयू (लवचिक प्लास्टिकच्या) कव्हरवर काढावेत. तोवर चांगल्या काचा आलेल्या असतात आणि त्यांचा भावही उतरलेला असतो.