एंजलसोबत मिळणारा ‘दोन फुटी कम्युनिटी सेट’: काय ठेवावं, काय परत करावं

फिश अॅक्वेरियमच्या बहुतेक दुकानांत एक ठरलेला संच मिळतो. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकी, वर झाकण, त्यात एलईडी, आत बुडवायचा छोटा पॉवर फिल्टर, निळी-गुलाबी खडी, प्लास्टिकची झाडं, औषधाच्या दोन बाटल्या. सोबत मासे: एंजलची (एंजलफिश या चपट्या, लांब परांच्या माशाची) ‘जोडी’, दोन टायगर बार्ब, चार निऑन टेट्रा, दोन ‘शार्क’ आणि काच साफ ठेवायला एक सकर. दुकानागणिक एखादा मासा बदलतो, साचा तोच राहतो. हे परीक्षण त्या साच्याचं आहे, एका कुठल्या दुकानाचं नाही.

वस्तू म्हणून टाकी आणि दिवा ठीक असतात. फिल्टर कामचलाऊ. माशांची यादी मात्र एंजलच्या दृष्टीने जवळजवळ पूर्ण चुकलेली आहे, आणि तिचं कारण सोपं आहे: दुकानात हे सगळे मासे इंच-दीड इंचाचे असतात, त्यामुळे एका पिशवीत सुखाने मावतात.

आधी उंचीचं बघू. एंजल लांबीपेक्षा उंचीत वाढतो. पूर्ण वाढलेल्या माशाचं अंग १२ ते १५ सेंटीमीटर, पण वरच्या-खालच्या परांसकट उंची २० सेंटीमीटरच्या पुढे जाते. फूटभर उंच टाकीत दोन इंच खडी आणि वर इंचभर मोकळी जागा सोडली की उरतं नऊ इंच, म्हणजे २३ सेंटीमीटर पाणी. कागदावर ५६ लिटरची ही टाकी प्रत्यक्षात ४२ लिटरची होते. नाण्याएवढा एंजल यात काही महिने छान दिसतो. पुढे पर वाकतात, वळायला जागा उरत नाही, वाढ खुंटते. एंजलच हवे असतील तर ३ × १.५ × १.५ फुटांची टाकी घ्या. खडी आणि मोकळी जागा वजा जाता तिच्यात १६० लिटर पाणी राहतं. काच किमान ८ मिलिमीटरची, टाकीखाली अर्ध्या इंचाचं थर्माकोल. पाणी, काच आणि खडी मिळून वजन २०० किलोच्या वर जातं, तेव्हा स्टँड ठेवायच्या जागी लादी पोकळ वाजत नाही ना, हे ठोकून बघा.

संचातला फिल्टर ताशी किती लिटर पाणी ओढतो हे खोक्यावर छापलेलं असतं. टाकीतलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरायला हवं, म्हणजे १६० लिटरला ताशी ७०० ते ८०० लिटरचा. छापलेला आकडा स्पंज कोरा असतानाचा असतो, म्हणून हजारच्या आसपासचा घेतला तर बरं. एंजल मुळात ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या संथ पाण्यातला, त्यामुळे फिल्टरचं तोंड काचेकडे वळवा, नाहीतर मासा दिवसभर प्रवाहाशी झुंजत एका कोपऱ्यात उभा राहतो. जोडीला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर असू द्यावा. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप याच फिल्टरला लावता येतो, तो खर्च औषधांच्या बाटल्यांपेक्षा कितीतरी सार्थकी लागतो.

बाटल्यांतली एक बहुधा अँटी-क्लोरिन असते. ती ठेवा, नळाच्या पाण्याला लागते. निळं औषध मिथिलिन ब्लूचं असेल तर ते मुख्य टाकीत ओतू नका. फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना त्याचा त्रास होतो आणि काचेच्या सांध्यांमधलं सिलिकॉन कायमचं निळं पडतं.

संचाचा सर्वांत मोठा दोष मात्र खोक्यात दिसत नाही. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकले जातात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू स्पंजवर आणि खडीवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले लाल होतात, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एकेक मासा जातो. मग ‘पाणी लागलं’ म्हणून दुकानदार नवे मासे देतो. उपाय असा: टाकी भरा, फिल्टर आणि हीटर चालू करा, सुगंध आणि साबण नसलेलं अमोनियाचं द्रावण २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे २ मिलिग्रॅम) घाला, आणि थेंबांच्या टेस्ट किटने दर दोन-तीन दिवसांनी मोजा. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं की पाणी मोठ्या प्रमाणावर बदला आणि मग मासे आणा. कुणाच्या चालू, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हे काम फार लवकर होतं. आणि तो स्पंज पुढे कधीही नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर क्लोरिनने सगळी वसाहत मरते.

आता मासे. ‘जोडी’ या शब्दावर आधी विश्वास ठेवू नका. लहान एंजलचे नर-मादी डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. दुकानात मिळते ती जोडी म्हणजे फक्त दोन मासे. दोन्ही नर निघाले तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो. बरा मार्ग म्हणजे पाच-सहा पिल्लं एकत्र घेणं. त्यात दादागिरी वाटली जाते, आणि आठ-दहा महिन्यांनी जोडी जमली तर ती आपण होऊन जमते. जमल्यावर मात्र ती रुंद पान, फिल्टरची नळी किंवा हीटरची काच पुसून अंडी घालते आणि अर्धी टाकी ताब्यात घेते. त्या वेळी बाकीच्या एंजलना दुसरी जागा द्यावीच लागते. ही तयारी नसेल तर सुरुवातीलाच दुकानदाराशी वाढलेले मासे परत घेण्याचं बोलून ठेवा. बरेच जण घेतात.

टायगर बार्ब परत करा. हा मासा परांचे तुकडे तोडतो आणि एंजलचे लांब, हळू हलणारे पर त्याला आयतेच सापडतात. सर्पे टेट्राचंही तेच. निऑन टेट्रा जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटरचा, म्हणजे मोठ्या एंजलच्या तोंडात सहज मावणारा. सहा महिने काही होत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. मग एका सकाळी चारच्या जागी दोन दिसतात. ‘शार्क’ म्हणून दिलेला चंदेरी मासा पंगासिअसचं पिल्लू असतं आणि ते मीटरभर वाढू शकतं. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुतेकदा हाच. सकरही फसवा: साधा सकर फूटभराच्या पुढे वाढतो, वय वाढेल तसं शेवाळ सोडतो आणि रात्री एंजलच्या चपट्या अंगावर चिकटून वरचा बुळबुळीत थर खरवडतो. काचेसाठी हवाच असेल तर ब्रिसलनोज प्लेको घ्या, १२ सेंटीमीटरवर थांबतो. त्याला चघळायला लाकडाचा तुकडा आणि आठवड्यातून एकदा काकडीची चकती द्या.

त्यांच्या जागी १६० लिटरला चालणारी यादी: पाच एंजल पिल्लं, दहा-बारा रमीनोज टेट्रा किंवा आठ ब्लॅक विडो टेट्रा, सहा कोरी (तळाशी फिरणारे छोटे, मिशीवाले मासे) आणि एक ब्रिसलनोज. रमीनोज पाच सेंटीमीटरचा, अंगाने लांबट, थव्याने फिरणारा आणि २७ अंशांत खूश असतो. पाणी बिघडलं की त्याच्या तोंडाचा लाल रंग फिका पडतो, त्यामुळे टेस्ट किट हातात घ्यायच्या आधीच इशारा मिळतो. ब्लॅक विडो स्वस्त आणि चिवट आहे, पण दोन-तीनच ठेवले तर इतरांना टोचतो. आठ असले की आपसातच गुंततात. भडक गुलाबी-हिरवे रंगवलेले विडो मिळतात, ते घेऊ नयेत. कोरीसाठी रंगीत खडी काढून बारीक रेती घाला, कारण टोकदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात. स्टर्बाय कोरी एंजलच्या उष्णतेला सर्वांत चांगली साथ देते. आपल्या सह्याद्रीतला ‘मिस केरला’ दिसायला कितीही देखणा असला तरी इथे नको. तो वाहत्या, थंड पाण्यातला चपळ मासा आहे, चार फुटांहून कमी टाकीत गुदमरतो आणि एंजलच्या वाट्याचं खाद्य पळवतो.

क्रमही महत्त्वाचा. आधी टेट्रा आणि कोरी, दोन आठवड्यांनी ब्रिसलनोज, एंजल शेवटी. जो आधी येतो तो जागा आपली मानतो, आणि लहानपणापासून आजूबाजूला असलेल्या टेट्राला एंजल सहसा भक्ष्य समजत नाही.

पाणी कुठलं आहे यावर यादी थोडी बदलते. मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, त्यात वरची यादी जशीच्या तशी चालते. बोअरचं जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी असेल तर रमीनोजऐवजी प्लॅटी किंवा मोली घ्या. फार्ममध्ये वाढलेला एंजल ७.८ पीएचपर्यंत निभावतो. प्लॅटी-मोलीची पिल्लं एंजल खाणार, हे गृहीत धरा. पीएच जास्त असताना अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून बोअरवाल्यांनी खाद्य जपून टाकावं. पुणे-नाशिकच्या थंडीत १५० ते २०० वॅटचा हीटर २७ अंशांवर लावा. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट गरज पडते: झाकण उघडून पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात.

दुकानात एंजल निवडताना समोर चिमूटभर खाद्य टाकायला सांगा. धावत येणारा घ्या. पोटाखालचे दोन लांब धागे सरळ आणि अखंड हवेत, पर मिटलेले नकोत, पोट आत गेलेलं नको, पांढरी लोंबती विष्ठा दिसली तर त्या टाकीतला कुठलाच मासा नको. घरी आणल्यावर पिशवी बंदच वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग उघडून दर पाच मिनिटांनी कपभर टाकीचं पाणी घाला, आणि अर्ध्या तासाने मासा जाळीने उचला. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. शक्य असेल तर आधी दोन-तीन आठवडे स्पंज फिल्टर लावलेल्या ३० लिटरच्या टबात ठेवा. नाल्यातलं जिवंत ट्युबिफेक्स (गांडुळासारखे बारीक लाल किडे) दुकानदार हौसेने बांधून देतो, ते नाकारा. बारीक पेलेट दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील इतके, पुरतात. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला.

दोन फुटी संच आधीच घरी आला असेल तर तो फेकण्याची गरज नाही. एंजल, शार्क, बार्ब आणि सकर परत करून त्यात आठ-दहा निऑन आणि हनी गुरामीची एक जोडी ठेवा. ४२ लिटरला तेवढं पुरे, आणि संचातला छोटा फिल्टरही मग पुरतो.