पद्मिनी, एका पावसाळ्यानंतर: रंग नंतर बघा, आधी दाराखाली बोट घाला

१०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगवर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. माझी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, १९९३ची, एमएच-१५ (नाशिक) पासिंगची. कव्हर घालून ठेवायला घेतलेली नाही. रोज सातपूरला जाते, सुट्टीला त्र्यंबकला, मूड असला तर वणीलाही.

भर पावसाळ्यात मुंबई नाक्याच्या सर्कलला वळलं की डाव्या दारात काहीतरी डचमळायचं. सीटखाली बाटली लोळतेय असं वाटलं. बाटली नव्हती. दार हलवलं तर आत चक्क पाणी! काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, कुठल्याही गाडीत जातं, म्हणून तर दाराच्या खालच्या कडेला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. आधीच्या मालकाने डाव्या बाजूला नवा रंग मारून घेतला तेव्हा डेंटरने ती पुट्टीखाली गाडून टाकली होती. त्याला शोधून विचारलं, तर म्हणे, "साहेब, फिनिशिंग क्लीन यावं म्हणून बुजवली." वर मोकळी करायचे वेगळे पैसे! सायकलचा जुना स्पोक फरशीवर घासून टोकदार केला आणि भोकं स्वतःच उघडली. तांबूस पाणी भळभळा आलं, मागोमाग गंजाच्या खपल्या. खर्च शून्य, संताप भरपूर.

तेव्हापासून कुणी जुनी गाडी दाखवली की मी आधी खाली वाकतो आणि दाराच्या कडेवरून बोट फिरवतो. मालक लोकांना ते आवडत नाही. न आवडू दे.

गाडी घेताना माझा सगळा जीव इंजिनात होता. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घेतलं, निळा धूर येतो का ते सकाळी थंड इंजिनावर पाहिलं. ते बघाच, पण आता माझ्या लेखी त्याचं वजन निम्म्यावर आलंय. इंजिन खोलून बोअर करता येतं, रिंगा बदलता येतात. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, सगळा भार बॉडीच घेते. फ्लोअर आणि दारांखालचे पत्र्याचे पेटीसारखे भाग सडले की ती गाडी चालवायची राहत नाही, मग रंग कितीही चमको. फ्रीजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून खालच्या पत्र्यावर फिरवा; जिथे पकडत नाही तिथे पुट्टी. मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेली गाडी असेल तर मॅट उचलल्याशिवाय भावाचं बोलूच नका. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली आणि सगळ्यांना एकदम फियाटचं प्रेम आठवलं. तेव्हापासून नवा रंग मारलेल्या गाड्या जरा जास्तच दिसतात.

माझ्या गाडीच्या उजव्या बाजूचा रंग मूळचा आहे, विटका. पहिले काही दिवस डोळ्यांत खुपायचा. आता तीच बाजू मला भरवशाची वाटते, जिथे फुगलंय ते उघड दिसतं.

उभी राहिलेली गाडी हे वेगळंच दुखणं. कॉलेज रोडला एक 'फुल रिस्टोअर' गाडी पाहिली, टायरची नक्षी शाबूत. टायरवरचा कोड वाचला: शेवटचे चार आकडे १४१२, म्हणजे २०१२चा चौदावा आठवडा. ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम, टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास. थोडी कळकट पण दर आठवड्याला फिरणारी गाडी मी केव्हाही आधी घेईन. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात नि चिरतात, ते मात्र आल्या आल्या बदला. तिथे कंजुषी मीसुद्धा केली नाही. आणि कसारा घाट उतरताना खालचा गिअर धरा. ड्रम तापले की पेडल नुसतं पायाचं समाधान करतं.

कागदांचं एकच. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. चालवायची असेल तर साधी आरसी बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते कुठवर आहे ते आधी विचारा.

डाव्या दाराचा खालचा पत्रा आता कापून नवा जोडावा लागणार. अंबडला दुसरा डेंटर गाठलाय. भोकं कुठे राहणार ते त्याच्यासमोर मार्करने आखून देणार, फोटो काढणार, मगच ॲडव्हान्स.