ग्रेडेड रीडर्स: पदवीच्या वर्गात कितपत चालतात?

मी विद्यापीठात पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवते, दुसरी भाषा म्हणून. व्याकरणाच्या पेपरात झकास गुण मिळवणारी मुलं गोष्टीचं एक पान वाचायला दिलं की घामाघूम होतात. त्यांच्यासाठी विभागाच्या कपाटात दोन वाचनमाला ठेवल्या: ऑक्सफर्ड बुकवर्म्स आणि केंब्रिज इंग्लिश रीडर्स.

ठरावीक शब्दांत आणि ठरावीक व्याकरणात बसवलेली गोष्ट म्हणजे ग्रेडेड रीडर. कल्पना जुनीच. ढाक्यात शिकवणाऱ्या मायकेल वेस्टला १९२०च्या दशकात दिसलं, की मुलांच्या पुस्तकांत नवे शब्द फार दाटीवाटीने येतात. त्याने मोजक्या शब्दांची वाचनमाला रचली. पुढे १९५३ साली त्याची सुमारे २००० शब्दांची जनरल सर्व्हिस लिस्ट आली. आजच्या बुकवर्म्समध्ये स्टार्टर या सगळ्यात खालच्या पायरीला २५० हेडवर्ड्स (म्हणजे शब्दकोशात नोंद असते तसे मूळ शब्द), तिसऱ्या स्टेजला १०००, सहाव्याला २५००.

एवढी काटछाट कशाला, असं सहकारी विचारतात. हू आणि नेशन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार, कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे दोनशे शब्दांच्या पानावर अनोळखी फक्त चार! आणि मूळ इंग्रजी कादंबरीत ती पातळी गाठायला आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुटुंब) लागतात, असं नेशनने २००६ मध्ये मांडलं. आमच्या मुलांच्या हाती पहिल्याच सत्रात जाडजूड अभिजात कादंबरी देणं म्हणजे छळ आहे, आणि तो आपण वर्षानुवर्षं अभ्यासक्रमाच्या नावाखाली करतो.

दोन मालांत माझं झुकतं माप केंब्रिजला. बुकवर्म्समध्ये गाजलेल्या पुस्तकांची रूपांतरं भरपूर. केंब्रिजच्या गोष्टी मुळातच शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना भाषा सोपी चालते, विषय बाळबोध चालत नाही. इथे नोकरी, फसवणूक, मोडलेली नाती असं मोठ्यांचं जग मर्यादित शब्दांतही येतं. मात्र दोन्ही संच एकाच फळीवर नंबरानुसार लावू नका. केंब्रिजच्या तिसऱ्या लेव्हलला १३०० शब्द आहेत, बुकवर्म्सच्या तिसऱ्या स्टेजला १०००. क्रमांक तोच असला तरी मुलाला धाप लागते.

आता खटकणारी गोष्ट, आणि ती कुठल्याही प्रकाशकाच्या रूपांतरात दिसते. समजा मूळ कथेत बाई पत्र वाचते, घडी घालून खणात ठेवते आणि नवऱ्याला म्हणते, उद्या पाऊस येईलसं दिसतंय. सोप्या आवृत्तीत हेच होतं: पत्र वाचून तिला फार वाईट वाटलं, पण नवऱ्याला सांगायचं नव्हतं. शब्द सोपे झाले, ठीक. पण वाचणाऱ्याने करायचं काम लेखकानेच उरकून टाकलं. वर्गात चर्चेला उरलं काय? पहिल्या आवृत्तीवर मुलं भांडतात. पत्र कुणाचं असेल, नवऱ्याला कळलंय का, ती पावसाचंच का बोलली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, बोलतात. दुसऱ्या आवृत्तीवर सगळे माना डोलावतात आणि घड्याळ बघतात.

त्यामुळे मी कामं वाटून दिली आहेत. रीडर घरी वाचायचा, वेग आणि सवय यांसाठी. वर्गात मूळ लघुकथेतली दीड-दोन पानं, अडणारे शब्द आधी फळ्यावर लिहून.

रीडरच्या शेवटी दिलेले प्रश्नसंच मी सरळ सोडून देते. परीक्षा आहे म्हटलं की मुलं मागच्या पानावरून पुढे वाचत येतात. गोष्ट गेली खड्ड्यात. वाचनातून भाषा शिकवण्यावर लिहिणाऱ्या डे आणि बॅम्फर्ड यांनीही वाचनाचं बक्षीस वाचनच असावं असं म्हटलंय. त्याऐवजी मी मुलांना बाकावरच्या शेजाऱ्याला गोष्ट सांगायला लावते, ऐन रंगात आल्यावर थांबवते. पुढचं ऐकायचं असेल तर पुस्तक घे म्हणावं. पुस्तकं फिरतात. ऑडिओ आहे, ठीकठाक. कानाला सवय म्हणून बरा.

विभागासाठी घेणार असाल तर एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती मागवू नका, चाळीस वेगवेगळी पुस्तकं मागवा. आणि मुलांना वाटतं त्यापेक्षा एक पायरी खालून सुरुवात करू द्या. पहिल्या आठवड्यात नाक मुरडतात, नंतर भराभर वर सरकतात. सहाव्या पायरीची पुस्तकं मात्र मोजकीच घ्या. तिथवर पोचलेला मुलगा आपणहून मूळ पुस्तक मागायला लागतो.